विलायती भासऱ्यांचा बाजा

पहिल्यांदा ते संगीत कानावर पडलं तेव्हा मी धावत जाऊन गॅस बंद केला. सिलिंडर गळावा तसा आवाज होता. बारीक, सलग, कुठून येतो ते न कळणारा. मी खिडक्या उघडल्या, आगपेटी अंगणात फेकली आणि मागच्या दारात उभी राहून साहेबांना हाक मारावी का, याचा विचार करत राहिले. नुसता विचारच. त्या घरातला माझा दुसरा दिवस होता, आणि परक्या माणसाला हाक मारायची म्हटलं की माझ्या घशाला कुलूप लागतं. घर उडालं असतं तर माझा विचार चालू असतानाच उडालं असतं. थोड्या वेळानं तो आवाज जाड झाला, त्यात दुसरा येऊन मिळाला, आणि मग कोणीतरी मोठा ढोल बडवला. सिलिंडर ढोल वाजवत नाही, एवढं मला कळतं. चौथी पास आहे मी.

तो आवाज व्हायोलिनांचा होता. पुष्कळ माणसं एकाच वेळी अगदी हळू वाजवत होती, आणि तसं वाजवा म्हणून त्यांना इंग्लंडातल्या एका माणसानं लिहून दिलं होतं, हे मला फार उशिरा समजलं. तोवर त्या घरात माझ्या हातून बराच भात बिघडून झाला होता.

साहेबांकडे दिवाळी अंकांची चळत असायची. कामातून मोकळे झालेले लोक त्यात आपल्या कामाबद्दल लिहितात. फौजदार लिहितात, डॉक्टर लिहितात, जंगलखात्यातले तर फारच लिहितात. घरोघरी स्वयंपाक करणाऱ्या बाईनं लिहिलेलं काही मला त्यात सापडलं नाही. आम्ही मोकळ्याच होत नाही, हे एक कारण असेल. मी लिहून बघते आहे. छापायला नाही. आमच्या ह्यांनासुद्धा दाखवणार नाही. ते हसतील, आणि मग राईस मिलमधल्या सगळ्या हमालांना बोलावून हसतील.

मी तुमसरला लोकांच्या घरी स्वयंपाक करते. बाहेरच्यांना वाटतं, स्वयंपाक तो स्वयंपाक, घरी केला काय नि दुसऱ्याकडे केला काय. तसं नाही. दुसऱ्याच्या घरी पहिली गोष्ट म्हणजे चाखायचं नाही. देवाला नैवेद्य दाखवायचा असतो, घरच्यांना जेवायचं असतं, त्याआधी कामवालीनं तळहातावर घेऊन चाटलेलं कोणाला आवडत नाही. तोंडानं कोणी सांगत नाही, पण नजर सांगते. मग सगळं नाकानं आणि कानानं करावं लागतं. जास्त कानानं. मोहरी तडतडायची थांबली की कांदा टाकायचा. भाजीतलं पाणी आटलं की तेलाचा आवाज बदलतो. वरणाला दाटपणा आला की ते उकळत नाही, पुटपुटतं. भात तर कुकरच्या शिट्टीवरच. चांगली स्वयंपाकीण पाठ करून उभी राहिली तरी कुठल्या शेगडीवर काय चाललं आहे ते ओळखते. मी चांगली आहे असं म्हणत नाही. पण पाठ करून उभी राहायला मला आवडतं, लोकांची तोंडं बघावी लागत नाहीत.

माझं पहिलं घर एका धानाच्या व्यापाऱ्याचं होतं. तिथे मिठाचा डबा कोणता ते शेठाणीनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. डबे सगळे सारखे, स्टीलचे. एकेक उघडून बघावा तर कोणी म्हणेल, ही चोरून बघते. मी बिनमिठाचा स्वयंपाक करून घरी गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी शेठाणी ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा मी पिशवी उचलायचीच बाकी होते.

"काय वो वच्छलाबाई," त्या म्हणाल्या, "शेठजींले डाक्टरनं मीठ बंद केलं, हे तुमाले कोनं सांगतलं?"

कोणीच नाही, हे खरं उत्तर होतं. तेही माझ्या तोंडून निघालं नाही. शेठाणींनी माझी मान खाली बघून मला फार समजूतदार ठरवलं आणि आपल्या नात्यात माझं नाव केलं. न बोलण्याचे फायदे असतात ते मला त्या घरी समजलं. तोटे साहेबांच्या घरी समजले.

साहेब मँगनीजच्या खाणीत इंजिनियर होते. घर बपेऱ्याच्या रस्त्याला, वस्तीच्या टोकाला. बायको वारलेली, मुलगी नीलिमाताई पुण्याला. सुरुंगांच्या धमाक्यांनी साहेबांचे कान नोकरीतच अर्धे गेले होते, म्हणून ते संगीत लावायचे ते गाव ऐकेल असं. हॉलमध्ये माझ्या खांद्याएवढे दोन लाकडी खोके, त्यातून आवाज यायचा. दूधवाला फाटकातून विचारायचा, "बाई, साहेबाच्या घरी बोअर मारून राहिले का?"

तरुणपणी साहेबांना खाणीच्या मशिनी शिकायला इंग्लंडला पाठवलं होतं. तिथे एका संध्याकाळी कोणीतरी त्यांना बाजा ऐकायला नेलं. ज्यानं तो बाजा लिहिला तो माणूसही तेव्हा तरुणच. त्याला लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि आमचे साहेब परत येऊन खाणीत उतरले. पण त्या माणसाला त्यांनी सोडलं नाही. तो जे जे लिहील त्याच्या तबकड्या मागवत राहिले. तरी रोज लावायचे ते एकच, त्या संध्याकाळी ऐकलेलं. समोर बसून वाजवताना ते पुन्हा कधी ऐकायला मिळालं नाही, हे ते वरचेवर बोलून दाखवायचे.

त्या माणसाचं नाव मला आजही घेता येत नाही. घरी मी "ते साहेबांचे बाजेवाले" म्हणायचे. आमचे हे एकदा जेवताना म्हणाले, "नाव काहून नाई घेत वो त्याचं? भासरा हाय का तुया?"

आमच्याकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरा म्हणतात. त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी सरळ बोलायचं नाही. नव्या सुना हे पाळत नाहीत. मी पाळते; न बोलायची सोय आयती मिळते ती कशाला सोडू? तर तेव्हापासून इंग्लंडचे ते गृहस्थ आमच्या घरात विलायती भासरे झाले. आणि एक दिवस साहेबांनी "आज काय लावू, बाई?" असं सहज विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "भासऱ्यांचंच लावा." मग मला सगळं सांगावं लागलं. साहेब इतके हसले की त्यांचा चष्मा वरणात पडला.

भाताचं सांगायचं राहिलं. साहेबांना चिन्नोर तांदळाचा भात लागायचा, मोकळा आणि मऊ. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की मी गॅस बंद करायची. त्या दिवशी दोन शिट्ट्या झाल्या, मी बंद केला, ताट वाढलं. साहेब एक घास खाऊन थांबले.

"बाई, भात टोचून राहिला."

मी ओट्याकडे तोंड करून उभी.

"शिट्ट्या झाल्या होत्या का?"

"झाल्या होत्या, साहेब. दोन."

साहेबांनी थोडा विचार केला. मग उठून हॉलमध्ये गेले आणि बाजा थोडा मागे नेऊन पुन्हा लावला. सगळं हळू वाजत असताना मधूनच एक किंकाळी आली, कुकरची मावसबहीण शोभेल अशी.

"यातली एक ही होती का?"

मी मान हलवली.

"बाई, ही वीतभर बासरी आहे. हे ज्यानं लिहिलं त्याले कळवलं पाहिजे, की तुमसरात तुझ्या बासरीवर लोक भात उतरवतात."

धानाच्या जिल्ह्यात जन्म घेऊन मी एका भल्या माणसाला कच्चा भात वाढला होता. लाज वाटली. पण त्या लाजेनं एक झालं, मी तो बाजा लक्ष देऊन ऐकायला लागले. आवडला म्हणून नाही. भात वाचवायचा होता.

तो सुरू होतो खालच्या आवाजात. माणसाएवढ्या उंच सारंग्या असतात, त्या गुणगुणतात. मी तेव्हा कणिक मळायला घ्यायची. मग बारीक तोडून तोडून वाजतं, ती वेळ भाजी चिरायची. मग गॅस गळतो. मग बासरीची किंकाळी, तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही. मग एकदम सगळे गप्प होतात. हे गप्प होणं लांबच लांब असतं. सुरुवातीला मला वाटायचं मशीन बंद पडलं. मी तेवढ्यात झाकण ठेवून वाफ येऊ द्यायची. आणि मग पितळेचे भोंगे, सगळे मिळून, छातीवर येऊन आदळणारे. त्या वेळी मुरलेली कणिक परातीत आपटून घ्यायची. शेवटी एकटी व्हायोलिन उरते, दुरून दुरून जाणारी. तोवर पोळ्या झालेल्या असायच्या, आणि मी ओटा पुसायची. ती संपली की फडका झटकायचा.

हे मी ठरवून केलं नव्हतं, बैल आपोआप घराकडे वळतो तसं झालं. मला वाटायचं कोणाच्या लक्षात येत नाही. पण साहेब एकदा म्हणाले, "बाई, तुमचा फडका आणि त्याची व्हायोलिन एकदमच थांबते."

मी विषय बदलण्यासाठी विचारलं, हे वाजवायला माणसं किती लागतात. साहेब म्हणाले, हॉल भरेल एवढी लागतात.

"एवढ्या माणसांचा स्वयंपाक कोण करते?"

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "हे मी कधी मनातच आणलं नाही," म्हणाले. मला वाटलं माझं काही चुकलं. मी पुढचे काही दिवस काही विचारलं नाही.

मग त्यांचे कान पारच गेले. कसं कळलं ते सांगते. एका दुपारी मी भाजी चिरत होते आणि बाजाचं तोडून तोडून वाजणं चालू होतं. तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, बाजाही थांबला. मी हॉलमध्ये डोकावले. साहेब खुर्चीत डोळे मिटून बसले होते आणि खुर्चीच्या हातावर त्यांचं बोट ठेक्यात हलत होतं. खोके मुके होते. बोट हलतच होतं. घामानं त्यांनी डोळे उघडले, वर पंखा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"लाईट कधी गेली?"

"आत्ताच, साहेब."

त्यांनी पुन्हा पंख्याकडे पाहिलं. तो जराही डुलत नव्हता. साहेब इंजिनियर माणूस, पंखा थांबायला किती वेळ लागतो ते त्यांना ठाऊक होतं.  मी ओट्याकडे वळले.

नीलिमाताईंनी कानात घालायचं मशीन आणून दिलं. त्यानं बोलणं जरा कळायचं, पण बाजा लावला की साहेब ते काढून टेबलावर ठेवायचे. "पत्र्याच्या कोठीत चमचे सांडून राहिले," म्हणायचे. मग एक दिवस त्यांनी मला हॉलच्या दारात बोलावलं.

"बाई, हे सगळं माझ्या डोक्यात आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत. फक्त ते कुठवर आलं ते मले समजत नाही. तेवढं तुम्ही सांगत जा."

सांगत जा म्हणजे ओरडून. मला! माझा आवाज पातेल्याच्या झाकणाखालून येतो असं माझी सासू म्हणायची. तरी मी दारात उभी राहून, डोळे मिटून ओरडले, "आता गॅस गळून राहिला, साहेब!" साहेबांना ऐकू आलं नाही. शेजारच्यांना आलं. ते ओली चादर घेऊन धावत आले.

त्यानंतर मी ओरडायचं सोडलं. पण साहेबांनी खुर्ची फिरवून घेतली. आधी तोंड खोक्यांकडे असायचं, आता स्वयंपाकघराकडे. मला वाटलं, कामावर नजर ठेवतात, माझ्या हातून काही कमीजास्त झालं असेल. त्या आठवड्यात पोळ्या जळाल्या त्या या काळजीनं. मग त्यांनीच सांगितलं, "बाई, ओरडू नका. तुम्ही मळता, चिरता, आपटता, तसंच करत राहा. मी हात पाहतो. मले समजते."

माझ्या हातांकडे कोणी बघावं असे ते नाहीत. आमच्या ह्यांनीसुद्धा लग्नानंतर बघितले नसतील. पण रोजचं झालं. साहेब हात बघायचे, त्यांचं बोट हलायचं, आणि भोंग्यांच्या वेळी मी कणिक आपटली की ते जरा दचकायचे, ऐकू आल्यासारखे.

डॉक्टरांनी सांगितलं, आता एकट्यानं राहायचं नाही. दिवाळीनंतर घर बंद करून साहेबांनी पुण्याला जायचं ठरलं. आणि त्याच सुमारास इंग्लंडचे वाजवणारे मुंबईला येणार असल्याची बातमी आली. साहेब रोज लावायचे तेच वाजवणार होते. आणि भासरे स्वतः येणार होते.

नीलिमाताई सामान बांधायला आल्या होत्या. साहेबांनी विषय काढला तशा त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"पप्पा, काहून हट्ट करून राहिले? ऐकू येत नाही तर तिथे जाऊन करसान काय?"

"पाहीन."

"बाजा पाहायचा असते का?"

"मी रोजच पाहून राहिलो, बेटा. विचार बाईंले."

ताई माझ्याकडे वळल्या. मी दूध उतू जाऊ दिलं, म्हणजे तिकडे धावता आलं.

साहेबांचं म्हणणं एवढंच होतं: तरुणपणी जे एकदा समोर बसून ऐकलं ते आता एकदा समोर बसून व्हावं. नंतर पुणं, मग जे होईल ते. आणि त्यासाठी वच्छलाबाई शेजारी पाहिजे. ताईंना वाटलं, औषधं आणि डबा सांभाळायला. मलाही आधी तसंच वाटलं. मग साहेबांनी समजावून सांगितलं तेव्हा मी तीन दिवस ताप आल्याचं सांगून घरी बसले. भरल्या सभेत, मुंबईच्या लोकांत, हवेत कणिक मळायची!

आमचे हे म्हणाले, "जाय ना वो. तुया भासरा येऊन राहिला विलायतेतून, अन् तू घरी बसशीन?"

"लोकं हसतील."

"तू त्यायच्याकडं कवा पायतं? तुले कसं दिसन, हसून राहिले का रडून राहिले ते?"

हे मात्र खरं होतं. मी गेले.

तुमसर रोड स्टेशनावरून गाडी, मग मुंबईचं ते सभागृह. माझं माहेर मोहाडीचं, विणकराचं. बाबांनी विणलेलं कोशाच्या रेशमाचं लुगडं लग्नानंतर मी दुसऱ्यांदा नेसले. आत इतका गारठा की दात वाजत होते. एका बाजूला नीलिमाताई, मधे साहेब, मग मी. पुढून तिसरी रांग. समोर उंच मंच, आणि त्यावर ती माणसं येऊन बसली. खरंच हॉल भरेल एवढी. सगळी काळ्या कपड्यांत, आणि बारीक. यांना कोणी नीट जेवू घालत नाही हे मी लगेच ओळखलं.

साहेबांनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं.

उंच सारंग्या गुणगुणायला लागल्या. मी पदराखाली हात घेतले आणि बोटांनीच, कोणाला दिसू नये असं, हळू मळायला लागले. साहेब वाकून बघत होते. मग ते कुजबुजले, म्हणजे त्यांना तसं वाटलं.

"बाई, दिसत नाही!"

अर्धी सभा वळली. पुढच्या बाईंनी तर चष्मा लावून बघितलं. मला जमिनीत जावंसं वाटलं, पण खाली गालिचा होता. साहेबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा रस्ता चुकलेल्या माणसासारखा झाला होता. माणसं हात हलवताना दिसत होती आणि काय चाललं आहे ते समजत नव्हतं. तुमसरहून इथवर त्यांना त्यासाठीच आणलं का?

मी पदर बाजूला केला, हात मांडीवर उघडे ठेवले आणि चांगली दोन्ही मुठींनी कणिक मळली. बारीक वाजायला लागलं तशी भाजी चिरली. पुढच्या बाईंनी एकदाच मागे बघितलं आणि मग बघितलं नाही. वेड्या माणसाशी नजर मिळवू नये म्हणतात, तसं. साहेबांचं बोट हलायला लागलं.

आणि मग मी चुकले. चुकणारच होते. घरचा बाजा डब्यातला, रोज तेवढाच लांब, तेवढाच घाईचा. इथे माणसं वाजवत होती, आणि हातातल्या काडीनं ठेका दाखवणारा समोरचा माणूस त्यांना सावकाश घेऊन चालला होता. रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे आधी सुचायला नको? तोच हात, तीच डाळ, तरी कालचं वरण आज होत नाही. पण मी आपली तुमसरच्या घड्याळावर. किंकाळी झाली, सगळे गप्प झाले, मी झाकण ठेवलं, वाफ येऊ दिली, आणि नेहमीच्या वेळेला कणिक आपटायला हात उचलले. मंचावर सगळे तसेच बसलेले. साहेबांनी बोट वर केलं.

"थांबा, बाई! भोंगे अजून मांडीवर आहेत!"

इंग्लंडच्या माणसानं मोठ्या हौसेनं लिहिलेली ती शांतता, तिच्यात हे वाक्य टाचणी पडावी तसं नाही, घमेलं पडावं तसं पडलं. नीलिमाताईंनी तोंडावर रुमाल दाबला. मी हात हवेत धरून तशीच बसले. खाली घ्यावेत तर साहेबांना वाटेल वाजलं.

मग मला दिसलं की साहेब माझ्या हातांकडे बघतच नव्हते. ते मंचाकडे बघत होते. भोंगेवाल्यांनी भोंगे मांडीवरून उचलले. तोंडाला लावले. साहेबांनी माझ्याकडे न बघता मान हलवली, आता, अशी. आणि मी हात खाली आणले, आणि ते वाजलं.

आमच्या खुर्च्या थरथरल्या. घरच्या खोक्यांना तेवढा दम नव्हता. साहेबांनी दोन्ही तळवे खुर्चीच्या लाकडी हातांवर पसरून ठेवले, आणि डोळे मिटले. लाईट गेली होती त्या दुपारी मिटले होते तसेच. फक्त या वेळी बाजा बंद नव्हता. मी हात थांबवले. पाहणारं कोणी नव्हतं, आणि मला वाटलं, आता माझं काम नाही.

शेवटाला मात्र त्यांनी डोळे उघडले, कारण एकट्या व्हायोलिननं खुर्ची थरथरत नाही. ते माझ्या हाताकडे बघू लागले. मी मांडीवरून ओटा पुसत होते. हळू, मग आणखी हळू. व्हायोलिन वाजवणाऱ्या पोरीचा गज संपत आला होता, तरी बारीकसा आवाज उरला होता, मी पुसत राहिले. लोक श्वास धरून बसले होते. मग तो संपला. मी फडका झटकला.

साहेबांनी टाळी वाजवली. त्या अख्ख्या सभागृहात पहिली. त्यानंतर सगळे उठले. माझ्या आयुष्यात वेळेवर झालेली एवढी एकच गोष्ट मला आठवते, आणि तीसुद्धा हवेतल्या फडक्यानं.

टाळ्या थांबेनात. मंचाच्या बाजूनं एक म्हातारे गृहस्थ येत असल्याचं मला कडेनं जाणवलं. लोक आणखी जोरात वाजवायला लागले. तेव्हा माझ्या हातानं मला न विचारता पदर उचलला आणि डोक्यावरून कपाळाच्या खाली ओढला. मान आपोआप खाली गेली.

साहेबांच्या कानात मशीन नव्हतं. आपण किती मोठ्यानं बोलतो याचा त्यांना अंदाज नव्हता.

"बाई, वर पाहा! भासरे आले!"

मुंबईच्या त्या सभेला भासरे म्हणजे काय ते कळलं नसेल, एवढीच माझी आशा आहे. नीलिमाताईंना कळलं. त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, आणि त्यांनी वडिलांचा हात घट्ट धरला होता. मी पदर आणखी खाली ओढला.

दिवाळीनंतर साहेब पुण्याला गेले. खोकेही गेले. दिवाळी अंकांची चळत ताईंनी रद्दीला न देता मला दिली, ते वाचता वाचता मी हे लिहिण्यापर्यंत आले. आता मी ज्या घरी जाते तिथे टीव्ही चालू असतो. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की मी अजूनही जरा थांबते, न जाणो यातली एक इंग्लंडची असली तर. भात गिचका होतो. मालकीण बोलतात. मी ओट्याकडे तोंड करून ऐकून घेते.

आमचे हे अजून अधूनमधून विचारतात. मिलमधून आले, हात धुतले, की जेवायला बसताना सुरू.

"सांग ना वो, कसा होता दिसायले? गोरा होता? दाढी होती?"

"मी नाई पायलं."

"एवढी मुंबईले गेली अन् काईच नाई पायलं?"

"पाय पायले."

हे खरं आहे. मंच उंच होता, माझी मान खाली होती, ते पुढे येऊन अगदी कडेला उभे राहिले. काळे जोडे होते, जुने, घासून चकचकीत केलेले. एका जोड्याची नाडी सुटलेली होती, आणि त्यांना अजून पायऱ्या उतरायच्या होत्या. सांगावं असं फार वाटलं. पण भासऱ्यांशी बोलायचं कसं?